सोयाबीनचे मेण, पॅराफिनचे मेण आणि आपला उन्हाळा

मेणबत्तीचा विषय शेतीच्या पानावर कशाला, असे तुमच्यापैकी काहींना वाटेल. मलाही कृषी पदविकेच्या दोन वर्षांत मेणबत्ती कोणी शिकवली नव्हती. पण विस्ताराच्या कामात गावात गेल्यावर बाया जे विचारतात, त्याचे उत्तर शोधावे लागते. हा लेख तशाच एका प्रश्नाचे उत्तर आहे.

काही वर्षांपूर्वी वरोरा भागात मे महिन्यात पीक नियोजनाच्या बैठकीला गेलो होतो. बैठक आटोपली आणि बचत गटाच्या अध्यक्षाबाई म्हणाल्या, "साहेब, जरा आमच्या खोलीकडे चला." खोली म्हणजे टिनपत्र्याचे शेड. आत खोक्यांची थप्पी होती. एक खोके उघडले तर काचेच्या ग्लासातले मेण थुलथुलीत झालेले, वरती तेलाचा थर सुटलेला आणि वात एका बाजूला कललेली. "हे तं तुपावानी झालं, साहेब. आता काय करावं?" असे दोनशे ग्लास होते. एका ग्लासात १८० ग्रॅम धरले तरी ३६ किलो माल झाला, आणि तो माल गटाच्या कर्जातून उभा केलेला.

बाहेरगावच्या एका प्रशिक्षकाने त्यांना शंभर टक्के सोयाबीन मेणाच्या मेणबत्त्या शिकवल्या होत्या. शिकवलेली कृती चुकीची नव्हती. चुकले ते एवढेच, की ती कृती आपल्या चंद्रपूरच्या उन्हाळ्याला विचारून केलेली नव्हती. जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि टिनाखाली त्याहूनही जास्त तापते, तिथे ४८ ते ५० अंशांना वितळणारे मेण टिकणार तरी कसे?

सोयाबीनचे मेण म्हणजे नेमके काय?

आपल्या सोयाबीनमध्ये साधारण १८ ते २० टक्के तेल असते. म्हणजे एक क्विंटल दाण्यातून १८ ते २० किलो तेल निघते, बाकी बहुतेक पेंड. हे तेल पातळ असते. कारखान्यात निकेल धातूच्या साहाय्याने, उष्णता आणि दाब देऊन त्यात हायड्रोजन वायू मुरवला की ते घट्ट होते. वनस्पती तूप, म्हणजे ज्याला आपण सरसकट डालडा म्हणतो, ते याच पद्धतीने तयार होते. तेच काम अधिक पुढे नेले की सोयाबीनचे मेण मिळते. १९९० नंतर अमेरिकेच्या आयोवा राज्यात, जिथे आपल्यापेक्षा कितीतरी जास्त सोयाबीन पिकते, तिथून या मेणाच्या मेणबत्त्या पुढे आल्या.

आता तुमच्या मनातला प्रश्न. "साहेब, आमच्या शेतातल्या सोयाबीनचं मेण गावात बनेल का?" याचे सरळ उत्तर आहे, नाही. हायड्रोजन वायू, दाबाची भांडी आणि निकेल हे तेलघाणीवर करायचे काम नव्हे, जिवावर बेतेल. मेणबत्तीमुळे तुमच्या सोयाबीनला बाजारात चार पैसे जास्त मिळतील, असेही मी सांगणार नाही. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात त्याच्या खाली माल विकावा लागला, हे तुम्ही विसरला नसाल. तो प्रश्न मेणबत्तीने सुटत नाही. मेण विकतच आणावे लागते. गावाच्या हातात राहते ते मिश्रण, ओतकाम, वातीची पारख आणि विक्री. मजुरी आणि नफा जो काही आहे, तो यातच आहे.

काही जणी विचारतात, "मग डालडाच वितळवून टाकला तर?" वनस्पती तूप ३१ ते ४१ अंशांच्या दरम्यान वितळते. आपल्याकडे एप्रिलमध्ये ते डब्यातच पाणी होते. त्याची मेणबत्ती होत नाही. मोहाच्या टोळीचे तेलही तसेच. आपल्या जंगलभागात पूर्वी ते दिव्यात जळत असे आणि थंडीत ते थिजते, पण उन्हाळ्यात पातळ होते. ते पणतीसाठी चांगले, ग्लासातल्या मेणबत्तीसाठी नाही.

पॅराफिन कुठून येते?

पॅराफिन मेण खनिज तेलातून निघते. कच्चे तेल शुद्ध करताना वंगणाच्या जड भागातून ते वेगळे काढतात. आपल्या देशात आसाममधल्या दिग्बोईला ते जुन्या काळापासून निघते आणि २०१५ साली नुमालीगडला मोठा मेण प्रकल्प सुरू झाला. बाजारात ते वितळण्याच्या अंशांवरून ओळखतात. ५८-६० असे पोत्यावर लिहिले असेल तर ते मेण ५८ ते ६० अंशांना वितळते. कमी शुद्ध केलेल्या मेणात तेलाचा अंश जास्त राहतो, त्यामुळे ते मऊ असते आणि त्याचा धूर जास्त होतो. म्हणून घेताना 'पूर्ण शुद्ध' मेणच मागावे आणि दुकानदाराकडून बिल घ्यावे.

दोन्ही एकत्र कशासाठी?

दोन्ही मेणांचे गुण-दोष एकमेकांना पूरक आहेत. निव्वळ सोयाबीन मेण मऊ असते. ते ग्लासाला चांगले चिकटते, सावकाश जळते, आणि सांडले तर साबण व कोमट पाण्याने निघते. पण उन्हात त्याला तेल सुटते, आणि थंडीत वर पांढरी, बुरशीसारखी दिसणारी नक्षी उमटते. ती बुरशी नव्हे, मेणाचे स्फटिक असतात. पण गिऱ्हाईक नाक मुरडते. निव्वळ पॅराफिन कडक, चकचकीत आणि स्वस्त असते. सुगंधही खोलीभर चांगला पसरवते. पण थंड होताना ते आकसते, वातीजवळ खड्डा पडतो आणि ग्लासाच्या कडेने सुटून मध्ये हवेचे डाग दिसतात.

दोन्ही मिसळले की पॅराफिन उन्हाशी टक्कर देते आणि सोयाबीन मेण ग्लासाला धरून ठेवते. खड्डा कमी पडतो, नक्षीही कमी उमटते.

प्रमाण किती ठेवावे? माझ्या अनुभवातून सुरुवातीसाठी असे सांगतो. दिवाळी ते संक्रांत या काळात विकायच्या मालासाठी निम्मे-निम्मे. फाल्गुनानंतर विकायच्या मालासाठी पॅराफिन ७० भाग आणि सोयाबीन मेण ३० भाग. मात्र ही विद्यापीठाची शिफारस समजू नका. सोयाबीन मेणाचेही प्रकार आहेत. ग्लासासाठीचे मऊ असते, साच्यात उभ्या करायच्या मेणबत्तीचे कडक असते. कोणते घेतले आणि ते किती अंशांना वितळते, हे विचारूनच घ्या. आणि ५० अंशांचे मेण व ६० अंशांचे मेण निम्मे-निम्मे मिसळले म्हणजे मिश्रण बरोबर ५५ ला वितळेल, असा हिशेबही करू नका. मिश्रण आधीच मऊ पडायला लागते.

म्हणून बियाण्याचा नवा वाण आला की आपण आधी दोन ओळी लावून बघतो ना, तसेच इथे करा. तीन ग्लास भरा. एक ५०-५० चा, एक ६०-४० चा, एक ७०-३० चा. प्रत्येकावर चिठ्ठी लावा. तिन्ही ग्लास तीन दुपारी टिनाखाली ठेवा, शेजारी थर्मामीटर ठेवा. ज्याला तेल सुटत नाही आणि ज्याची वात सरळ राहते, ते तुमचे प्रमाण. या चाचणीला पाऊण किलो मेणही लागत नाही. त्या गटाने ती आधी केली असती तर ३६ किलो माल अडकला नसता.

एक किलोची कृती

साहित्य: पॅराफिन (५८-६०) ५०० ग्रॅम, ग्लासासाठीचे सोयाबीन मेण ५०० ग्रॅम, मेणबत्तीसाठीचे सुगंधी तेल ५० ते ६० ग्रॅम, तेलात विरघळणारा रंग चिमूटभर, पत्र्याची बैठक लावलेल्या सुती वाती आणि २०० मिलिलिटर पाणी मावेल असे पाच जाड ग्लास.

मेण नेहमी वजनाने मोजावे, मापाने नाही. मेण पाण्यापेक्षा हलके असते. ज्या ग्लासात २०० ग्रॅम पाणी मावते, त्यात साधारण १८० ग्रॅम मेण मावते. म्हणजे पाच ग्लासांना ९०० ग्रॅम लागते. उरलेले वरचा खड्डा भरायला आणि चाचणीला ठेवावे.

१. ग्लास धुऊन पूर्ण कोरडे करावेत. पाण्याचा एक थेंब राहिला तरी वात तडतडते. वातीची बैठक ग्लासाच्या तळाशी मधोमध चिकटवावी आणि वरचे टोक आडव्या काडीला अडकवून वात ताठ ठेवावी.

२. मोठ्या गंजात पाणी घेऊन चुलीवर ठेवावे आणि त्यात मेणाचा लहान स्टीलचा गंज ठेवावा. मेणाचा गंज थेट जाळावर कधीही ठेवू नये. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, म्हणून मेणही जळण्याइतके तापत नाही.

३. आधी पॅराफिन टाकावे, कारण ते उशिरा वितळते. ते वितळल्यावर सोयाबीन मेण टाकावे. थर्मामीटरवर ७५ ते ८० अंश झाले आणि गंजात एकही खडा उरला नाही की खाली उतरवावे. रंग याच वेळी टाकून ढवळावा.

४. मेण ६५ ते ७० अंशांवर आले की सुगंधी तेल टाकावे आणि दोन मिनिटे सावकाश ढवळावे. जोरात ढवळले तर हवा मिसळते आणि बुडबुडे राहतात. सुगंध १०० ग्रॅम मेणाला ६ ग्रॅमपेक्षा जास्त टाकू नये. जास्त टाकला म्हणजे जास्त दरवळेल असे होत नाही. तेल बाहेर सुटते आणि ज्योत भडकते. अंगाला लावायचे स्पिरिटचे सेंट किंवा गुलाबपाणी टाकू नये.

५. सुमारे ६० अंशांवर ओतावे. थंडीच्या दिवसांत ग्लास आधी उन्हात ठेवून कोमट करावेत. एकदम थंड ग्लासात ओतले तर मेण कडेने सुटते. ओतल्यावर पंखा लावू नये, सावकाश गार होऊ द्यावे. दुसऱ्या दिवशी वातीजवळ खड्डा दिसला तर उरलेले मेण थोडे अधिक गरम करून वर पातळ थर द्यावा.

६. मिश्रणाच्या मेणबत्त्या आठ-दहा दिवस झाकून ठेवाव्यात, मगच विकाव्यात. तेवढ्यात मेण घट्ट बसते आणि सुगंध मुरतो. म्हणून दिवाळीचा माल नवरात्रातच ओतून झाला पाहिजे.

रंगाबद्दल एक सूचना. कुंकू, होळीचा रंग, मुलांचे मेणखडू असले काही वापरू नका. त्याचे कण वातीत अडकतात आणि ज्योत गुदमरते.

खरी पारख वातीची

पुष्कळ गट मेणावर लक्ष देतात आणि वात जी मिळेल ती लावतात. मेणबत्ती बिघडते ती बहुतेक वेळा वातीमुळेच. वात बारीक असली तर मध्ये विहिरीसारखा खड्डा पडत जातो, कडेचे मेण तसेच राहते आणि शेवटी ज्योत बुडते. वात जाड असली तर काजळी धरते आणि ग्लास हाताला चटका बसेल इतका तापतो.

पारख अशी करावी. वात मेणाच्या वर ५-६ मिलिमीटर ठेवून कापावी आणि पेटवावी. अडीच ते तीन तासांत वितळलेले मेण ग्लासाच्या कडेपर्यंत पोहोचले आणि त्याची खोली सुमारे एक सेंटिमीटर झाली, तर वात बरोबर. मिश्रणाचे प्रमाण बदलले, रंग वा सुगंध बदलला, ग्लास बदलला की वातीची चाचणी पुन्हा घ्यावी. आणि एक तरी ग्लास शेवटपर्यंत जाळून बघावा. तळाशी मेण बोटभर उरले की ज्योत विझवावी, अशी सूचना गिऱ्हाइकाला चिठ्ठीवर द्यावी, कारण रिकामा ग्लास ज्योतीने तडकू शकतो.

कशात ओतावे, कशात नाही

आपल्या भागात बांबू मुबलक. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रातून शिकून आलेली मुले सुंदर वस्तू करतात. त्यामुळे बांबूच्या पेरात मेण ओतायची कल्पना कोणालाही सुचते. तसे करू नका. बांबू हे जळण आहे. करवंटीचेही तेच. बांबूचा उपयोग बाहेरच्या वेष्टनासाठी करा. आत पत्र्याची किंवा स्टीलची डबी, वर बुरुड कारागिराने विणलेली छोटी परडी. पेटवताना डबी परडीतून बाहेर काढायची, असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहायचे.

कच्च्या मातीची पणती किंवा कुल्हड मेण पिऊन घेते आणि बाहेरून तेलकट होते. आतून झिलई असलेलेच मातीचे भांडे घ्यावे. काचेचा ग्लास जाड बुडाचा घ्यावा. चहाचे पातळ किंवा तडा गेलेले ग्लास नकोत.

आगीचे चार नियम

इथे माझीच चूक सांगतो. पहिल्या प्रात्यक्षिकात घाई होती म्हणून मी मेणाचा गंज थेट शेगडीवर ठेवला आणि एका भाऊंच्या कीडनाशकाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला दारापर्यंत गेलो. परत वळलो तर गंजातून पांढरा धूर निघत होता. एका मावशीने प्रसंगावधान राखून शेगडी बंद केली आणि झाकण टाकले. आणखी दोन मिनिटे गेली असती तर काय झाले असते, ते सांगायला नको. तेव्हापासून मी हे चार नियम आधी सांगतो आणि कृती नंतर.

पहिला, मेण चुलीवर असताना माणूस जागचा हलायचा नाही. दुसरा, मेणातून धूर निघाला म्हणजे धोका; लगेच जाळ बंद करून झाकण टाकायचे. तिसरा, पेटलेल्या मेणावर पाणी कधीही टाकायचे नाही. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळते मेण छतापर्यंत उडते. झाकण आणि कोरडी वाळू, हेच औषध. वाळूची बादली कामाच्या खोलीत आधीपासून भरलेली हवी. चौथा, अंगावर गरम मेण पडले तर ती जागा वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरायची. चिकटलेले मेण ओढून काढायचे नाही, हळद किंवा टूथपेस्ट लावायची नाही. मोठा चटका असेल तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठायचे. ओतकाम चालू असताना लहान मुले खोलीबाहेर ठेवायची आणि पदर खोचलेला हवा.

हिशेब कागदावर मांडा

भाव सारखे बदलतात, म्हणून खालचे आकडे फक्त हिशेबाची रीत कळावी म्हणून धरले आहेत. तुमच्या बिलावरचे आकडे घालून हिशेब पुन्हा मांडा.

समजा पॅराफिन १४० रुपये किलो, सोयाबीन मेण ३०० रुपये किलो आणि सुगंधी तेल १,५०० रुपये किलो. अर्धा किलो पॅराफिनचे ७०, अर्धा किलो सोयाबीन मेणाचे १५० आणि ६० ग्रॅम सुगंधाचे ९०, असे १,०६० ग्रॅम मिश्रणाला ३१० रुपये झाले. १८० ग्रॅमच्या एका ग्लासाला सुमारे ५३ रुपये. त्यात ग्लास २५, वात ३, खोके ८ आणि जळण २ मिळवले की ९१ रुपये होतात. दोघी बायांनी दिवसाला ४० ग्लास केले आणि प्रत्येकी ३०० रुपये मजुरी धरली तर ग्लासामागे १५ रुपये. झाले १०६. फूटतूट ५ रुपये धरली की १११.

आता १५० रुपयांना स्वतः विकला तर ३९ रुपये राहतात. तोच ग्लास दुकानात ठेवला आणि दुकानदाराने चौथाई कापली तर हाती ११२ रुपये ५० पैसे येतात, म्हणजे राहिला दीड रुपया! आपल्या गटांचा हिशेब फसतो तो दोन ठिकाणी. स्वतःची मजुरी धरत नाहीत आणि दुकानदाराचा वाटा विसरतात.

आणखी एक गोष्ट बघा. याच भावाने पूर्ण पॅराफिन वापरले तरी ग्लासामागे १३-१४ रुपयेच वाचतात. म्हणून मिश्रणाचे प्रमाण फक्त पैशावर ठरवू नका. ऊन, वात आणि गिऱ्हाईक बघून ठरवा.

गडचिरोलीच्या जंगलातले तिसरे मेण

आपल्याकडे एक मेण असे आहे की जे विकत आणावे लागत नाही. आग्या मोहोळाचे मेण. ते ६२ ते ६५ अंशांना वितळते, म्हणजे आपल्या उन्हाळ्याला पुरून उरते. मिश्रणात शंभर भागाला पाच भाग जरी टाकले तरी मेणबत्तीला घट्टपणा येतो. पण पुष्कळ ठिकाणी मध पिळून झाला की पोळे फेकून दिले जाते.

पोळे फेकू नका. पोळ्याचे तुकडे स्टीलच्या गंजात पाण्यासोबत मंद जाळावर वितळवा, फडक्यातून गाळा आणि गार होऊ द्या. मेणाची वडी पाण्यावर तरंगून येते, घाण खाली बसते. लोखंड, तांबे, पितळ यांच्या भांड्यात मेणाचा रंग बिघडतो.

मात्र मेणासाठी मोहोळ जाळू नका. मोहोळ जाळले तर माश्या मरतात, पिल्ले मरतात आणि पुढच्या वर्षी तुमच्या शेतातले परागीभवनही घटते. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून घेण्याची अहिंसक पद्धत शिकवली, आणि धानोरा तालुक्यातील लेखा-मेंढाच्या ग्रामसभेने तिचा अभ्यास करून ती अंगीकारली. याच गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. वनहक्क कायदा २००६ मध्ये गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, तेंदूपाने, लाख यांच्याबरोबर मध आणि मेण यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. ज्या गावांना हा हक्क मिळालेला आहे, त्यांच्या ग्रामसभेने मेण गोळा करण्याची रीत आणि वाटणी ठरावाने नक्की करावी. सोयाबीनचा पट्टा वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपनाकडे आणि मोहोळाचे जंगल गडचिरोलीकडे. १९८२ साली जिल्हे दोन झाले, पण दोन्हीकडच्या गटांनी एकमेकांशी व्यवहार ठेवायला कोणाची हरकत नाही.

सरपंच आणि गावकारभाऱ्यांसाठी

सरपंच साहेब आणि ग्रामपंचायत अधिकारी (आपले ग्रामसेवक), तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात.

एक, गटाला टिनाचे शेड देऊ नका. जाड भिंतीची, कौलारू किंवा स्लॅबची, दोन दारे असलेली हवेशीर खोली द्या. तयार माल जमिनीलगतच्या फळीवर ठेवायला सांगा, कारण उष्ण हवा वर जमते. वाळूच्या दोन बादल्या आणि एक अग्निशामक नळकांडे एवढी तरतूद करा.

दोन, माल बंद खोक्यात विकायचा असेल तर त्यावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या वजन-माप नियमांत हे आहे. आणि निम्मे पॅराफिन असताना खोक्यावर 'शंभर टक्के नैसर्गिक सोया' असे छापू देऊ नका. 'सोया-पॅराफिन मिश्रण' असेच लिहा. फसलेले गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

तीन, कर्जाचा अर्ज करण्याआधी चाचणीचे ग्लास आणि वरचा हिशेब मागून घ्या. जिल्हा उद्योग केंद्र, खादी ग्रामोद्योग आणि ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था इथे योजनांची चौकशी जरूर करावी. पण अनुदान मिळते म्हणून धंदा काढू नये. धंदा बसतो म्हणून अनुदान घ्यावे.

विक्रीचे म्हणाल तर आपला हंगाम दिवाळीपासून सुरू होतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, रात्री नाटके होतात. ताडोब्याला येणारे पर्यटक हे दुसरे गिऱ्हाईक. महाबळेश्वरला भावेश भाटिया या दृष्टिहीन उद्योजकाने १९९४ साली मेणबत्त्यांचा व्यवसाय सुरू केला. हातगाडीपासून सुरुवात करून त्यांनी शेकडो दृष्टिहीनांना काम दिले. तिथेही गिऱ्हाईक पर्यटकच होते. मात्र महाबळेश्वरची हवा थंड. तिथली कृती उचलून इथे आणू नका. आपला माल सप्टेंबर ते जानेवारीत ओतावा, आणि एप्रिल ते जून साठा शक्य तितका कमी ठेवावा.

आता त्या दोनशे ग्लासांचे काय झाले ते सांगतो. मेण नासले नव्हते, नुसते मऊ पडले होते. आम्ही पावसाळा संपेपर्यंत थांबलो. मग सर्व मेण पाण्याच्या गंजात वितळवून गाळले आणि तेवढेच पॅराफिन मिसळले. ग्लास दुप्पट लागले, वाती नव्या लागल्या. पहिल्या चाचणीत वात बारीक पडली, दुसरीत जाड, तिसऱ्या खेपेला जमले. तो माल दिवाळीत आणि मंडईत विकला गेला. मोठा नफा झाला नाही, पण थांबलेले हप्ते पुन्हा सुरू झाले. अध्यक्षाबाई म्हणाल्या, "साहेब, पुढच्या वेळी आधी तीन ग्लास."

तुम्हीही तेवढेच करा. आधी तीन ग्लास, तीन दुपारी टिनाखाली. मग कर्जाचा विचार.